एका जन्मदिवसाचे दोन संगीतकार आणि चांद्याकडील भजनांच्या वह्या

इतिहाससंशोधनांत तारखेचें महत्त्व काय, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. एखाद्या पत्रावर नुसतें 'छ २४ रजब' एवढेंच असलें, म्हणजे त्याचें वर्ष काढण्यासाठीं जंत्री, पत्रांतील माणसें व प्रसंग यांची किती उलथापालथ करावी लागते, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. मात्र राजकारणाच्या कागदांस आपण जी कसोटी लावतों, ती कलावंतांच्या चरित्रांस लावण्याची रीत आपल्याकडे अद्याप म्हणावी तशी पडलेली नाहीं. गवयाची जन्मतारीख एकानें सांगावी, दुसऱ्यानें ती उतरून घ्यावी आणि तिसऱ्यानें छापावी, असेंच बहुधा चालतें. प्रस्तुत लेखांत आम्ही एकाच तारखेस जन्मलेल्या संगीतकारांच्या दोन जोड्या घेऊन त्या तारखा किती भार सोसतात हें पाहणार आहों. आणि त्यांपैकीं दुसऱ्या जोडीच्या निमित्तानें चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील एका दुर्लक्षित साधनाकडे संग्राहकांचें लक्ष वेधणार आहों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन नामांकित पुरुषांचा जन्मदिवस एक निघाला कीं लोकांस त्यांत दैवी संकेत दिसूं लागतो. गणितशास्त्राचा निर्णय निराळा आहे. कोणतींहि २३ माणसें एकत्र केलीं, तर त्यांत निदान दोघांचा जन्मदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून किंचित् अधिक असतो. ५७ माणसें घेतलीं तर तो शेकडा ९९ वर जातो. महाराष्ट्रांतील नांवाजलेल्या गायकवादकांची यादी याहून कितीतरी मोठी आहे. तेव्हां अशी एकहि जोडी सांपडली नसती, तरच आश्चर्य करण्यास जागा होती. दुसरें असें कीं, कांहीं योगायोग शाळेच्या दाखल्यांनीं घडविलेले असतात. मुलाची जन्मतारीख घरच्यांस सांगतां आली नाहीं, म्हणजे मास्तरांनीं १ जून ही तारीख घालून नोंद पुरी करावी, अशी चाल महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं होती. तीमुळें १ जून रोजीं जन्मलेल्यांची संख्या आपल्याकडे अस्वाभाविक रीतीनें फुगलेली आहे. म्हणून समान तारीख आढळली कीं 'हिच्यांत अर्थ काय' असें विचारण्यापूर्वीं 'ही आली कोठून' असें विचारलें पाहिजे.

पहिली जोडी १० ऑगस्ट या तारखेची. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजीं जयपूरच्या छत्राखालील उणियारा येथें झाला, अशी चरित्रग्रंथांत रूढ असलेली नोंद आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं मुंबईस वाळकेश्वर येथें झाला. भातखंड्यांच्या तारखेस एक स्वतंत्र साक्षीदार आहे. त्यांचा जन्म गोकुळाष्टमीचा, अशी प्रसिद्धि आहे. १८६० सालीं १८ जुलैच्या अमावास्येस खग्रास सूर्यग्रहण झालें होतें. त्या अमावास्येच्या पाठोपाठ श्रावण मास लागला, आणि तेथून तिथि मोजीत गेलें असतां श्रावण वद्य अष्टमी ऑगस्टच्या ९ व १० या तारखांच्या संधींत येते. तिथि व तारीख हे दोन साक्षीदार दोन निराळ्या पंचांगांतून निघून एकाच मुक्कामीं भेटतात. यापेक्षां अधिक चांगला पुरावा घरगुती स्मृतीकडून मिळणें कठीण. अल्लादियाखाँ यांच्या तारखेचा भार मात्र चरित्रपरंपरेवरच आहे. ती हिजरी सन १२७१ च्या जिल्काद महिन्याच्या उत्तरार्धांत, म्हणजे शके १७७७ च्या आषाढ वद्य पक्षाच्या अखेरीस पडते. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, इंग्रजी पंचांग बाजूस ठेवलें तर या दोन जन्मदिवसांचें साम्य राहत नाहीं. एक अष्टमीचा, दुसरा अमावास्येच्या तोंडाशीं आलेला. वार तेवढा दोन्हीकडे शुक्रवार येतो, कारण दोहोंमधील १८२७ दिवसांस सातानें भागलें असतां बाकी उरत नाहीं.

तारखा जुळल्या, पण मार्ग किती भिन्न! अल्लादियाखाँ यांनीं आपले चुलते जहांगीरखाँ यांजपाशीं तालीम घेतली. अमलेटा येथील संस्थानिकाच्या पदरीं असतां अतिश्रमानें त्यांचा आवाज बसला, आणि त्या भंगलेल्या आवाजास झेपेल अशा वक्र व पेंचदार तानांची नवी गायकी त्यांनीं घडविली. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरीं आले. शाहू छत्रपतींच्या आश्रयाखालीं १९२२ पर्यंत राहिले, व महाराजांच्या निधनानंतर मुंबईस गेले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ हीं त्यांच्या विद्येचीं वारस मंडळी. १६ मार्च १९४६ रोजीं ते निवर्तले. त्यांनीं आपल्या गळ्याची एकहि तबकडी मागें ठेविली नाहीं. गोविंदराव टेंब्यांनीं चरित्र लिहिलें व नातू अजीजुद्दीनखाँ यांनीं त्यांचें आत्मकथन उतरून घेतलें, म्हणून त्यांचे शब्द तरी राहिले. सूर राहिले ते केवळ शिष्यांच्या कंठांत.

भातखंडे यांचा ओढा याच्या नेमका उलट. ते पेशानें वकील. १९०४ पासून त्यांनीं दक्षिणेंत व उत्तरेंत प्रवास करून ग्रंथ पाहिले, गवयांस प्रश्न विचारले, आणि जें ऐकलें तें स्वरलिपींत बांधलें. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ १९१० पासून चार भागांत निघाला; 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत शेंकडों चिजा छापून निघाल्या. बडोद्यास १९१६ सालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, लखनौस १९२६ सालीं संगीत महाविद्यालय उघडलें. दोहोंच्या मुळाशीं त्यांचेच श्रम होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं ते वारले. एकानें विद्या कागदावर येऊं दिली नाहीं, दुसऱ्यानें ती कागदावर आणण्यांत आयुष्य वेंचलें. खाँसाहेबांची बाजू घेणारे म्हणतील कीं स्वरलिपींत गायकीचा सांगाडा उतरतो, प्राण उतरत नाहीं. पंडितजींची बाजू घेणारे म्हणतील कीं सांगाडाहि राहिला नाहीं तर प्राण कोणाच्या ठायीं घालावा? आमच्या मतें दोन्ही म्हणणीं खरीं आहेत, आणि हाच वाद पुढील जोडीच्या प्रकरणांत अधिक निकडीनें आपल्यापुढें येतो.

दुसरी जोडी ३० एप्रिल या तारखेची. ३० एप्रिल १९०९ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील यावली या गांवीं माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. हेच पुढें तुकडोजी महाराज म्हणून सर्वतोमुखीं झाले. ३० एप्रिल १९२६ रोजीं मुंबईस श्रीनिवास विनायक खळे यांचा जन्म झाला. (चित्रपटाचे आद्य निर्माते दादासाहेब फाळके यांचीहि जन्मतारीख ३० एप्रिल, साल १८७०, परंतु ते आपल्या विषयाबाहेरचे.) येथेंहि जंत्री पाहिली असतां तोच प्रकार दिसतो. १९०९ सालची ३० एप्रिल शके १८३१ च्या वैशाख शुद्ध पक्षाच्या उत्तरार्धांत येते; १९२६ सालची शके १८४८ च्या चैत्री पौर्णिमेनंतर लगेच, वद्य पक्षाच्या आरंभीं येते. मास वेगळा, पक्ष वेगळा. वार पुन्हां दोन्हीकडे शुक्रवारच. कारण मधले ६२०९ दिवस सातानें निःशेष भागले जातात. अशा साम्यावर कोणी भविष्य उभारूं नये. पण दोन आयुष्यें एकाच खुंटीस टांगून शेजारीं शेजारीं पाहण्यास हें निमित्त पुरेसें आहे.

तुकडोजी महाराजांचें बालपण दारिद्र्यांत गेलें. वरखेडचे अडकोजी महाराज हे त्यांचे गुरु; 'तुकड्या' हें नांव त्यांच्याचकडून मिळालें, आणि 'तुकड्यादास' ही त्यांच्या पदांची मुद्रा झाली. किशोरवयांत घर सोडून ते चिमूरच्या बाजूस अरण्यांत हिंडूं लागले. रामदिघीचें रान व गोंदेडा येथील गुहा हीं त्यांच्या तपाचीं स्थानें म्हणून आजहि दाखविलीं जातात, व गोंदेड्यास यात्रा भरते. लांकडी कड्यावर चामडें ताणून कडेस झांजा बसविलेली खंजिरी हें त्यांचें वाद्य. वाद्य हलकें, एका हातांत मावणारें, झाडाखालीं किंवा चावडीपुढें कोठेंहि चालणारें. साथीस संच जमला नाहीं तरी अडत नाहीं. या साधनानें त्यांनीं मराठी व हिंदी भजनें वऱ्हाडापासून चांद्यापर्यंत गांवोगांव पोंचविलीं. १९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. १९३६ सालीं महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला राहून आले.

१९४२ चा चिमूरचा प्रसंग विदर्भाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. मिरवणुकीवर गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला, आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गांवावर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठीं प्राध्यापक भन्साळी यांनीं ६३ दिवसांचें उपोषण केलें. या उठावाचा संबंध सरकारनें तुकडोजी महाराजांच्या भजनांशीं जोडला. ऑगस्टअखेर त्यांस चंद्रपुरांत अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें; डिसेंबरांत सुटका झाली. खंजिरीवरील भजनाची एवढी धास्ती राजसत्तेनें घ्यावी, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकारानें विसरण्याजोगी नाहीं. ज्या पदांची चाल शेतकऱ्याच्या मुलास एकदां ऐकून उचलतां येते, तींच पदें एका रात्रींत दहा गांवें फिरतात. छापखान्यास जप्ति लावतां येते, चालीस लावतां येत नाहीं. पुढें 'ग्रामगीता' हा ४१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ त्यांनीं रचिला. १९५५ सालीं जपानांतील विश्वधर्म परिषदेस ते उपस्थित राहिले. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांनीं त्यांस 'राष्ट्रसंत' म्हटलें. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं गुरुकुंजांत त्यांचा देह पडला. २००५ सालीं नागपूर विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

श्रीनिवास खळे यांचें बालपण बडोद्यास गेलें. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरींत फैयाजखाँ यांच्यासारख्यांचें गाणें कानांवर पडत होतें, आणि संगीतशाळेंत रीतसर शिक्षण मिळत होतें. ज्या बडोद्यांत भातखंड्यांची परिषद भरली तेंच हें बडोदें. मुंबईस आल्यावर आरंभीं पुष्कळ ओढग्रस्त सोसून त्यांनीं १९५२ च्या सुमारास गदिमांचीं दोन बालगीतें आशा भोसले यांच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलीं, व तेथून त्यांचें नांव झालें. मराठी चित्रपट त्यांनीं मोजकेच केले. आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका हींच त्यांचीं खरीं क्षेत्रें. पाडगांवकरांचीं भावगीतें, वसंतराव देशपांडे यांनीं गाइलेलें वा. रा. कांत यांचें गीत, तुकोबांच्या अभंगांच्या लता मंगेशकर व भीमसेन जोशी यांनीं गाइलेल्या चाली हे त्यांच्या कर्तृत्वाचे ठळक टप्पे होत. नागपूरचे कवि राजा बढे यांचें 'जय जय महाराष्ट्र माझा' हें गीत त्यांनींच स्वरबद्ध केलें व शाहीर साबळे यांनीं गाइलें. १९६० मध्यें राज्याची स्थापना झाली त्या काळचें हें गीत २०२३ सालीं महाराष्ट्राचें राज्यगीत ठरलें. २०१० सालीं खळे यांस पद्मभूषण मिळालें. २ सप्टेंबर २०११ रोजीं ते निवर्तले.

आतां हीं दोन आयुष्यें शेजारीं ठेवूं. दोघांचाहि मुख्य व्यवहार शब्दाशीं. दोघांनींहि भक्तिपर पदांस चाली दिल्या. परंतु खळ्यांची चाल तबकडीवर चढली त्या दिवशींच ती स्थिर झाली. गायकानें श्वास कोठें घेतला, बांसरीचा तुकडा कोठें आला, हें पन्नास वर्षांनंतरहि जसेंच्या तसें तपासतां येतें. मुंबईंत मुद्रित झालेली ती चाल भामरागडच्या शाळेंत वाजली तरी तिचा एक स्वर बदलत नाहीं. तुकडोजी महाराजांच्या पदांची गोष्ट अशी नाहीं. शब्द छापील पुस्तकांत आहेत. चाली भजनीमंडळांच्या तोंडीं आहेत, आणि गांव बदललें कीं चालीचा मोड, ठेका व ध्रुवपदाची आवृत्ति बदलते. महाराजांच्या समोर बसून ज्यांनीं चाल उचलली, ती पिढी आतां थकली आहे. ग्रंथाची दुसरी प्रत मिळूं शकते. गळ्याची दुसरी प्रत मिळत नाहीं.

येथेंच आम्हांस चंद्रपूर व गडचिरोलीकडील भजनांच्या वह्यांचें महत्त्व वाटतें. या प्रदेशाचें स्वतःचें संगीत पुष्कळ आहे. धानाची कापणी होऊन हातीं पैसा आला कीं झाडीपट्टींत दंडारी व नाटकें सुरू होतात; वडसा, म्हणजे देसाईगंज, हें तेथील नाटकमंडळ्यांचें केंद्र, आणि शंकरपट व मंडई यांच्या निमित्तानें रात्ररात्र पेटी-तबल्याच्या साथीचीं नाटकें चालतात. या शेंकडों गाणाऱ्यां-वाजविणाऱ्यांच्या जन्मतारखा कोठेंहि लिहिलेल्या नाहींत. त्यांची जंत्री म्हणजे सुगीचा हंगाम. त्यांच्या कलेचा लेखी पुरावा असलाच, तर तो भजनांच्या व नाट्यपदांच्या हस्तलिखित वह्यांत. परंतु आपले संग्राहक पोथी म्हटली कीं हात पुढें करतात आणि शाळेच्या वहींत शाईनें लिहिलेलें भजन पाहिलें कीं मागें घेतात. ही चूक आहे.

या वह्यांत पदाच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द लिहून त्यापुढें दुसऱ्या एखाद्या पदाचे आरंभींचे शब्द दिलेले असतात. ही आपल्या ग्रामीण गायकांची स्वरलिपि होय. तिच्यांतील उणीव उघड आहे: ज्या मूळ पदाचा निर्देश केला, तेंच विसरलें गेलें तर कुलूप राहतें व किल्ली जाते. पण कालनिर्णयास तिचा मोठा उपयोग आहे. 'संगीत सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हां त्यांतील पदाची चाल ज्या पानावर दिली आहे, तें पान त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. एखाद्या बोलपटांतील गाण्याची चाल दिली असल्यास मर्यादा आणखी खालीं येते. 'तुकड्यादास' ही मुद्रा दिसली तर तें पान महाराजांच्या तारुण्यापूर्वींचें नाहीं. मात्र दोन सावधगिरीच्या सूचना केल्या पाहिजेत. एक, अशी वही एका बैठकींत लिहिलेली नसते. बापानें आरंभिलेली वही मुलगा पुरी करतो, म्हणून एका पानाचा काल सबंध वहीस लावूं नये. शाई व अक्षर पानोपान पाहावें. दुसरी, मुद्रा ही कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. लोकप्रिय संताच्या नांवानें पदें रचण्याची आपल्याकडील परंपरा नामदेव-तुकारामांइतकी जुनी आहे; छापील संग्रहाशीं मेळ घातल्यावांचून कोणतेंहि पद 'अप्रसिद्ध' म्हणून प्रसिद्ध करूं नये.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट नोंदवून ठेवतों. चंद्रपूरचें अधिकृत नांव १९६४ पर्यंत 'चांदा' असें होतें, आणि गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला. सबब जुन्या वहीवर 'जिल्हा चांदा' असें असल्यास तिचें गांव आजच्या दोन्हींपैकीं कोणत्याहि जिल्ह्यांत असूं शकेल. सूचींत मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून आजचा तालुका व जिल्हा पुढें द्यावा.

मंडळाच्या सभासदांस आमची विनंती एवढीच. वही हातीं आल्यावर गांव, भजनीमंडळ, लिहिणाराचें नांव व 'चाल' म्हणून दिलेले सर्व निर्देश टिपून घ्यावे. तिची छायाप्रत करून मूळ वही मंडळास परत द्यावी, कारण जी वही गाण्यास वापरली जाते तिची खरी जागा कपाटांत नाहीं. आणि ज्यास ती चाल येते असा म्हातारा गायक गांवांत असेल, तर वही उघडी ठेवून त्याजकडून तीं पदें म्हणवून घ्यावीं व मुद्रित करून ठेवावीं. भातखंडे यांजपाशीं कागद व लेखणी होती. खळे यांजपाशीं तबकडी होती. आज तें सामर्थ्य प्रत्येकाच्या खिशांत आहे. अल्लादियाखाँ यांचा सूर आपण कायमचा गमावला, कारण तो राखणें त्या वेळीं त्यांच्या मनांत नव्हतें. चिमूरकडील गायकांचें तसें नाहीं. त्यांस कोणी विचारलें तर ते आनंदानें गातील. विचारणारा वेळेवर गेला पाहिजे, एवढेंच.

पुढील ३० एप्रिलला खळ्यांच्या चाली पुष्कळ ठिकाणीं वाजतील, आणि दुसऱ्याच दिवशीं, महाराष्ट्रदिनीं, त्यांचें राज्यगीत चंद्रपूर-गडचिरोलींतहि म्हटलें जाईल. त्याच ३० एप्रिलच्या संध्याकाळीं चिमूरच्या आसपास एखाद्या देवळांत खंजिरी वाजत असेल. आमच्या सभासदांपैकीं कोणी त्या देवळांत जाऊन बसला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.